उलट्या वेलांटीचा धडा

गेल्या पावसाळ्यात भोसरीच्या बाजूला असलेल्या एका शाळेच्या पालकसभेस आम्हांस बोलावणे होते. आम्ही वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचलो. सभागृह अजून उघडलेले नव्हते, म्हणून समोरच्या चित्रकलेच्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसलो. वर्ग नववीचा होता. प्रत्येकाच्या पुढ्यात तळहाताएवढा तपकिरी लिनोचा तुकडा आणि हातात कोरणी. चित्रकलेच्या बाईंनी विज्ञानाच्या शिक्षकांशी ठरवून एक काम दिले होते. मूलद्रव्यांच्या तक्त्यातून एक मूलद्रव्य निवडायचे, ते आपल्याला कोठे भेटते याचे चित्र लिनोवर कोरायचे, त्यावर रुळाने शाई फिरवायची आणि वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासून ठसा उठवायचा.

कोणी लोखंड घेतले होते, कोणी तांबे. एका मुलाने गंधक घेतले होते; त्याचे कारण पुढे येईल. एका मुलीने क्रोमियम घेतले होते. तिचे वडील निकेल-क्रोम प्लेटिंगच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये कामाला आहेत. तिने चकाकणारे हँडल काढले नव्हते, प्लेटिंगची टाकी काढली नव्हती; एक उघडा पंजा काढला होता आणि त्याखाली देवनागरीत ‘क्रोमियम’ असे कोरले होते. ठसा उठला तेव्हा शेजारच्या मुली हसल्या. शब्द उलटा उमटला होता, आणि ‘मि’ची पहिली वेलांटी अक्षराच्या दुसऱ्या बाजूस जाऊन दुसरीसारखी दिसत होती. मुलगी हिरमुसली. बाई शांतपणे म्हणाल्या, “पुन्हा कोर. या वेळी आरसा समोर ठेव.”

सभेत एका पालकांनी उभे राहून विचारले, की दहावी वर्षावर आली असता आठवड्याचे दोन तास या कोरीवकामात का घालवावेत. तेच तास विज्ञानाच्या सरावाला का देऊ नयेत? टाळ्याही पडल्या. आमचे मत विचारले गेले तेव्हा आम्ही ‘दोन्हींचा मेळ हवा’ असे काहीतरी गुळमुळीत बोलून खाली बसलो. जे तेथे बोलावयास हवे होते ते घरी परतल्यावर सुचले. धर्मगुरूंच्या बाबतीत हे वारंवार घडते. ते येथे लिहितो.

उलट्या अक्षराची अडचण आपल्या भाषेला नवी नाही. मराठीची छपाई आरंभी तिच्यापाशीच अडली होती. १५५६ साली येशूसंघीयांचे एक मुद्रणयंत्र गोव्यास उतरले. ते निघाले होते ॲबिसिनियाला. पण राहिले गोव्यात, सेंट पॉल कॉलेजात. हिंदुस्थानातील पहिला छापखाना तो हाच. पुढे १५७८ साली कोल्लम येथे तामिळ अक्षरांत पुस्तक छापले गेले आणि त्यामागेही येशूसंघीयांचेच हात होते. मराठीच्या नशिबी तसे नव्हते. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आले, येथील भाषा त्यांनी आपली केली आणि ‘ख्रिस्तपुराण’ रचले. हा ग्रंथ १६१६ साली राचोल येथे छापला गेला, तो मात्र रोमन लिपीत. स्टीफन्सना लिपीची किंमत कळत नव्हती असे नाही. १६०८ साली रोमला आपल्या वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी या देशाच्या अक्षरांत छापण्याची अनुज्ञा मागितली होती. अडचण साच्यांची होती. रोमन लिपीला दोन-अडीच डझन अक्षरे पुरतात. आपल्याकडे काने, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे मिळून साच्यांची संख्या शेकड्यांवर जाते, आणि प्रत्येक साच्यासाठी पोलादाच्या टोकावर एक अक्षर उलटे कोरावे लागते. ते काम त्या काळी झाले नाही. भाविकांनी पुराण आपल्या भाषेत ऐकले, पण वाचणाऱ्याच्या हातातील पुस्तक परक्या अक्षरांचे राहिले.

अक्षर वितळलेल्या धातूत ओतता येत नसेल तर ते एकसंध पत्र्यावर कोरावे, हा दुसरा मार्ग. १६७८ साली ॲम्स्टरडॅम येथे ‘हॉर्टस मलबारिकस’ या वनस्पतिग्रंथाचा पहिला खंड निघाला. त्यात कोकणी भाषेतील एक निवेदन देवनागरीत आहे. ते सुट्या खिळ्यांनी जुळवलेले नसून कोरलेल्या ठशावरून उमटवलेले आहे. आपल्या पुण्याचा दाखला तर आणखी जवळचा. नाना फडणीसांच्या प्रेरणेने येथील एका तांबट कारागिराने भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरावयास घेतली. पेशवाईवर संकटे आली, काम अर्धे राहिले, आणि अखेर मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ साली ती छापली गेली. त्याच वर्षी दूर बंगालात श्रीरामपूर येथे विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापून निघाले. एकीकडे तांबे, दुसरीकडे शिसे. पुढे शिसे जिंकले.

खिळा म्हणजे निव्वळ शिसे नव्हे. शिसे मऊ, छापयंत्राच्या दाबाखाली त्याचे अक्षर चेपते. म्हणून त्यात अँटिमनी घालतात, त्याने खिळ्याला कठीणपणा येतो आणि साच्याचा बारीकसारीक कोपराही नीट उतरतो. थोडे कथिल घातले की ओतीव रस साच्यात सहज वाहतो. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यातून १८१७ पासून मराठी मजकूर निघू लागला. त्याच छापखान्यात जावजी दादाजी नावाचा एक गरीब मुलगा कामाला लागला. खिळे घासता घासता तो धंदा शिकला आणि पुढे त्याने निर्णयसागर छापखाना उभारला. सुबक देवनागरी अक्षराचे नाव काढले की जुनी माणसे आजही निर्णयसागरची आठवण काढतात.

निर्णयसागरची स्थापना १८६९ सालची. त्याच साली रशियात दिमित्री मेंडेलीव यांनी मूलद्रव्यांचा आपला तक्ता प्रसिद्ध केला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण ज्याने खिळे जुळवणाऱ्याची लाकडी केस पाहिली आहे त्याला तो तक्ता परका वाटत नाही. केसमध्ये प्रत्येक अक्षराला एक खण, आणि एखादा खण रिकामा असला तरी तो कोणाचा हे जुळाऱ्यास ठाऊक असते. मेंडेलीव यांनीही काही खण रिकामे ठेवले. तेथे कोणते द्रव्य बसेल, त्याचा अणुभार व घनता साधारण किती असेल हे त्यांनी आधीच सांगितले, आणि त्या अज्ञात द्रव्यांना तात्पुरती नावे देताना ‘एक’ हा आपला संस्कृत शब्द उचलला: एक-ॲल्युमिनियम, एक-बोरॉन, एक-सिलिकॉन. १८७५ साली गॅलियम, १८७९ साली स्कँडियम आणि १८८६ साली जर्मेनियम सापडले आणि ते तीनही खण भरले. विज्ञानाच्या सरावाच्या तासाला हे मुलांना सांगितले जाते की नाही, कोण जाणे.

सेमिनरीत असताना एका पुस्तिकेची मुद्रिते तपासण्यासाठी आम्ही पुण्यातील एका छापखान्यात जात असू. खिळ्यांची छपाई तेव्हा शेवटच्या घटका मोजत होती. तेथील वयोवृद्ध जुळारी उलटी ओळ आपण सुलटी वाचतो त्यापेक्षा झरझर वाचत आणि आमच्या हातातील मुद्रितापेक्षा आधी चूक सांगत. जेवणाचा डबा उघडण्यापूर्वी ते हात तीनदा धूत. आम्ही एकदा थट्टेने म्हटले, “मामा, मिस्सेआधी आम्ही एवढे धूत नाही.” ते म्हणाले, “फादर, तुमच्या हाताला शिसे लागत नाही.” शिशाचा पुस्तकातील अनुक्रमांक ८२ आहे, हे आम्हांस शाळेपासून पाठ होते. ते पोटात जाते हे त्या दिवशी कळले.

आता लिनोकडे वळू. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज उद्योजकाने १८६३ साली लिनोलियमचे पेटंट घेतले. रंगाच्या उघड्या डब्यात जवसाच्या तेलावर रबरासारखी साय धरते, ती पाहून त्याला ही कल्पना सुचली असे सांगतात. नावातच सारे आले: लॅटिनमध्ये ‘लिनुम’ म्हणजे जवस आणि ‘ओलेउम’ म्हणजे तेल. सेमिनरीतील आमचे लॅटिन बहुतेक गंजले, पण असे दोन शब्द अवचित उपयोगी पडतात. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून घेते आणि हळूहळू घट्ट होते. त्यात राळ, बुचाच्या लाकडाचा भुसा आणि रंगद्रव्य मिसळून ते तागाच्या कापडावर दाबून बसवले की लिनोलियम तयार. मूळ उपयोग जमिनीवर अंथरण्याचा. या मालासाठी लागणारा ताग बंगालचा, आणि त्या काळी विलायतेस जाणाऱ्या जवसात हिंदुस्थानचा वाटा फार मोठा; आपल्या वऱ्हाड-खानदेशातही जवस पिकत असे आणि मुंबई बंदरातून तो बाहेर जात असे. म्हणजे नववीचा विद्यार्थी ज्या तुकड्यावर मूलद्रव्याचे चित्र कोरतो, त्या तुकड्यातच पहिले मूलद्रव्य हजर असते. प्राणवायूवाचून लिनो लिनो होत नाही. ते नुसते तेल राहते.

जमिनीवरचे हे अंथरूण कलेच्या वर्गात आणले ते मुलांच्या शिक्षकांनी. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ पासून मुलांसाठी कलावर्ग चालवला आणि लिनो कोरण्याची रीत तेथे रुजवली. लाकडाला रेषा असतात, कोरणी त्या रेषेने भरकटते. लिनोला रेषा नाही, ते कोणत्याही दिशेला सारखेच कापले जाते, आणि स्वस्तही पडते. मोठ्या चित्रकारांनी काही काळ त्याला पोरखेळ म्हणून नाक मुरडले. आपल्या देशात तो समज मोडला शांतिनिकेतनात. १९३० साली नंदलाल बोस यांनी दांडीयात्रेतील गांधीजींची काठी टेकीत चाललेली आकृती लिनोत कोरली. काळी पार्श्वभूमी, मोजक्या पांढऱ्या रेषा, बस्स. त्याच साली रवींद्रनाथांची ‘सहज पाठ’ ही बालवाचने निघाली, त्यांतील चित्रेही नंदलालांच्या लिनोची. ज्या हाताने राष्ट्राचे चित्र कोरले त्यानेच मुलांचे बाराखडीचे पुस्तक सजवले. त्यांना त्यात काही कमीपणा वाटला नाही. आणि मुंबईत, अंधेरीस, चित्तप्रसाद नावाचा एक बंगाली चित्रकार वर्षानुवर्षे हलाखीत राहून लिनो कोरीत होता. १९५०च्या सुमारास त्याने कष्टकरी बालकांची एक चित्रमाला केली: शाळेत असावयाची ती मुले कामाला जुंपलेली. काळ्या-पांढऱ्याच्या मध्ये करड्याला जागा नसल्यामुळे त्या चित्रांपुढे उभे राहणाऱ्याला सबबी सुचत नाहीत.

आमचा हा पट्टा कारखान्यांचा म्हणून ओळखला जातो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्यानंतर पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि पुढे चाकणची शेते पाहता पाहता शेडखाली गेली, हे सर्वांना माहीत आहे. परंतु मूलद्रव्यांची या भागाशी ओळख त्याहून जुनी आहे. १६६० साली शायिस्तेखानाने चाकणच्या किल्ल्याला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी तो सुमारे दोन महिने अडवला, आणि अखेर बुरुजाखाली भुयार खणून सुरुंग उडवला तेव्हाच किल्ला पडला. त्या दारूत काय होते? सोरा, गंधक आणि कोळसा. पुस्तकाच्या भाषेत पोटॅशियम, नत्र, प्राणवायू, गंधक आणि कार्बन. अभ्यासक्रमात हे दोन वेगळे विषय आहेत, दोन वेगळ्या तासांना शिकवले जातात, आणि शाळेच्या सहलीची बस त्या किल्ल्याच्या शेजारून निघून जाते.

लोणावळ्याहून पुण्याकडे येताना मळवलीचे स्टेशन लागते. राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईहून १८९९ साली येथे आला आणि घरोघरच्या देव्हाऱ्यांवरील लक्ष्मी-सरस्वती येथील दगडांवरून छापल्या गेल्या. शिळाछापाचा दगड म्हणजे बव्हेरियातील चुनखडी, कॅल्शियमचा दगड. त्यावर तेलकट खडूने चित्र काढायचे, दगड ओला करायचा, शाई फिरवायची. ओल्या भागाला शाई लागत नाही, तेलकट भाग ती धरतो. तेल आणि पाणी यांच्या न पटण्यावर उभी असलेली ही कला. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी याच छापखान्यासाठी काम करीत होते. १९७२ साली आग लागली आणि छापखान्याची मोठी हानी झाली. आणखी थोडे पुढे तळेगाव. तेथे १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांनी माणसागणिक एक पैसा मागत हा निधी उभा केला होता. वाळू म्हणजे सिलिकॉन आणि प्राणवायू. ती भट्टीत वितळवून येथील तरुण काच करावयास शिकले.

आणि आमची पिंपरी. येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी त्यास साहाय्य केले आणि १९५५ पासून पेनिसिलीन देशातच बनू लागले. न्यूमोनियाच्या तापात तडफडणाऱ्या किती जणांना त्या कुपीने परत आणले याची मोजदाद कोणी केली असेल असे वाटत नाही. ज्या मुलाने गंधक निवडले होते त्याला आम्ही विचारले, की गंधकच का; काडेपेटीसाठी की फटाक्यांसाठी? तो म्हणाला, “आजोबा एच. ए. कंपनीत होते. पेनिसिलीनच्या रेणूत गंधकाचा एक अणू असतो.” आम्हांस हे ठाऊक नव्हते. घरी येऊन पाहिले तर मुलगा बरोबर होता: कार्बन, हायड्रोजन, नत्र, प्राणवायू, आणि त्यांच्यात एकटा बसलेला गंधकाचा एक अणू. त्याने आपल्या लिनोवर इंजेक्शनची कुपी कोरली होती आणि तिच्या आत एकच ठिपका ठेवला होता.

पालकसभेत प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांना आम्ही हे सांगावयास हवे होते. मुलाने तो अणू पाठ केलेला नव्हता. कुपीत काय कोरावे हा प्रश्न पडला, म्हणून त्याने तो शोधून काढला होता. सरावाच्या तासाला उत्तर आधी असते आणि प्रश्न मागून येतो. कोरणी हातात असली की क्रम उलटा होतो, जसे अक्षर उलटे होते. शिवाय लिनोत एकदा काढलेला भाग परत भरता येत नाही. काय ठेवायचे आणि काय काढून टाकायचे हे आधी ठरवावे लागते, आणि ते ठरवण्यासाठी वस्तू नीट पाहावी लागते.

क्रोमियमच्या मुलीने नीट पाहिले होते. सभा संपल्यावर ती दुसरा ठसा घेऊन आली. शब्द आता सुलटा होता, वेलांटी जागेवर होती. पंज्यावर तीन-चार लहान पांढरे ठिपके होते, पहिल्या ठशातही ते होते. कोरणी घसरली असावी असे समजून आम्ही म्हटले, “या ठिकाणी हात थोडा हलला वाटते.” ती म्हणाली, “नाही फादर, ते मुद्दाम आहेत. पप्पांच्या हाताला तशी भोके पडतात.”

क्रोमियम हे मूलद्रव्य फ्रान्समधील वोक्लँ यांनी १७९७ साली शोधले. त्याचे क्षार नाना रंगांचे म्हणून ग्रीक भाषेतील रंगवाचक शब्दावरून त्याला नाव मिळाले. अनुक्रमांक २४. प्लेटिंग होऊन वस्तूवर बसलेले क्रोमियम निरुपद्रवी असते. आपण ते रोज हाताळतो. टाकीतील क्रोमिक आम्ल मात्र तसे नाही. ते कातडीवर राहिले तर लहान, खोल, लवकर न भरणाऱ्या जखमा होतात. त्याचे तुषार नाकात गेले तर नाकाच्या पडद्याला छिद्र पडते. आणि वर्षानुवर्षे श्वासात जात राहिले तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. हे सारे वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे. उपायही माहीत आहेत: लांब हातमोजे, टाकीच्या कडेला वाफ ओढून घेणारी यंत्रणा, कातडीची वेळोवेळी तपासणी. मोठ्या कारखान्यांच्या भिंतींवर त्याच्या पाट्या असतात. जॉबवर्क करणाऱ्या लहान शेडमध्ये बहुधा पाटीही नसते. आम्ही या भागात काही वर्षे घरोघरी आशीर्वाद देत हिंडलो आहोत, कित्येक हात हातात घेतले आहेत, आणि त्या हातांवरील खुणांचे कारण एकदाही विचारले नाही. नववीतील मुलीने ते कोरून दाखवावे लागले.

तिच्या वडिलांच्या मालकांकडे आम्ही एकदा जाऊन आलो. हातमोजे आले आहेत. वाफ ओढणाऱ्या पंख्याविषयी ‘पाहू’ असे उत्तर मिळाले आहे. पुन्हा जाणार आहोत. शाळेत दिवाळीनंतर चित्रकलेचा एक तास सरावाकडे गेला, एक राहिला.

तो दुसरा ठसा तिने आम्हांस दिला आणि आम्ही तो आमच्या दिवाणखान्यात लावला. छपाईची ती शाईही जवसाच्या तेलाची. तिलाही सुकण्यासाठी प्राणवायू ओढून घ्यावा लागतो आणि पावसाळ्यात ती फार वेळ घेते. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर तिचे वडील आले, ठशासमोर बराच वेळ उभे राहिले, आणि शाई वाळली का हे पाहण्यासाठी त्यांनी कडेला अंगठा टेकवला. वाळली नव्हती.